नाव न घेता

तुलूझ
२२ जानेवारी २०२४

प्रिय कांचन,

कॉलेजच्या सुट्ट्यांमध्ये तू नागपूरहून आणि मी नाशिकहून पत्रं लिहायचो, तशी पुन्हा लिहायची का? फोनवर तू नेहमी गाडीत असतेस नाहीतर मीटिंगच्या दारात. ई-मेल असला तरी त्याला पत्रच म्हणू.

लिहायला कारण असं की, काल मी पंधरा माणसांत बसून मराठी बोलले. यतीनच्या नोकरीमुळे इथे येऊन आठ महिने झाले. तो सकाळी सातला जातो. मी फ्रेंचच्या क्लासला जाते; माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलं माझ्या उच्चारांना हसू येऊ नये म्हणून खाली बघतात. पुण्यात माझ्या हाताखाली अकरा जणांची टीम होती, हे इथे कुणाला सांगू? बेकरीतली बाई नमस्कार करते तेवढंच दिवसभराचं बोलणं.

इथली मराठी मंडळी दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जमतात. ‘रविवार-चर्चा’ म्हणतात. पुरुषोत्तम काका म्हणून आहेत, तीस वर्षं इथेच, आता निवृत्त. त्यांच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी असते. आधी एकजण वीस मिनिटं बोलतो, मग सगळे. कालचा विषय होता, मुलांशी घरी कुठल्या भाषेत बोलावं. आम्हाला मूल नाही, म्हणून मी गप्प बसणार होते. पण काकांनी मुद्दाम माझ्याकडे वळून विचारलं आणि मी दोन वाक्यं बोलले. दोनच. बोलून झाल्यावर कानशिलं तापली होती.

तुझ्याकडे तर असा गट किती वर्षांपासून आहे. तिथे कसं चालतं ते सविस्तर लिही. तू काय काय बोलतेस?

तुझी
आसावरी


मॉरिसव्हिल
११ फेब्रुवारी २०२४

प्रिय आसा,

तू दोन वाक्यं बोललीस म्हणजे लवकरच वीस मिनिटं तुझीच, हे मी आत्ताच लिहून देते.

आमच्याकडे सगळं मोठं. शैलजाच्या घरी जमतो. पंचेचाळीस माणसं, चपलांचा ढीग गराजपर्यंत, प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा आणि त्याचीही स्प्रेडशीट. शैलजा सगळ्यांना धरून असते. कुणाची नोकरी गेली, कुणाचे आईवडील येणार, तिला आधी कळतं. आणि ती धावून जाते, हेही खरं. प्रीता झाली तेव्हा तिने पंधरा दिवस डबे पाठवले होते.

विषय साधारण ठरलेले. मुलांची कॉलेजं, ग्रीन कार्ड, परत जावं का. मी फारसं बोलत नाही. शनिवारी सकाळी मराठी शाळेत लहान गटाला बाराखडी शिकवते, ते मला जास्त आवडतं. चर्चेत दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मेरिटवर घसरतं. आपल्याकडे मेरिटला किंमत नाही म्हणून आपण इथे आलो, वगैरे. मग मी उठून आत जाते आणि चहा टाकते. पंचेचाळीस माणसांचा चहा म्हणजे अर्धा तास सहज जातो.

संजीव म्हणतो, जाऊच नकोस. पण प्रीता तेरा वर्षांची आहे आणि तिच्या मैत्रिणी याच घरांतल्या. शिवाय सासरचं जाधव हे आडनाव कुठेही खपून जातं. माहेरचं मेश्राम लावलं असतं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळलं असतं. कुणी विचारत नाही, मी सांगत नाही. प्रीतालाही मी अजून सगळं सांगितलेलं नाही. सोळा वर्षांची झाली की तिला नागपूरला नेणार, आईच्या घरात बसवणार आणि मग सांगणार. हे तुला म्हणून लिहिते.

तू मात्र तिथे बोल. तुला बोलायला मिळालं नाही की तू आजारी पडतेस, हे मी चार वर्षं एका खोलीत राहून पाहिलंय.

तुझी
कांचन


तुलूझ
१८ मार्च २०२४

प्रिय कांचन,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला वाईट वाटलं. तुझ्यासारखीने उठून आत का जावं? तुझ्या जागी मी असते तर ताठ मानेने सगळ्यांसमोर सांगितलं असतं, मी इथून आले आणि इथवर पोचले. लपवण्यासारखं त्यात काय आहे? तू पहिल्यापासूनच भिडस्त. मेसमध्ये आमटी वाढून मागायचीस तीही माझ्याकरवी.

आता बातमी. एप्रिलची वीस मिनिटं माझी! विषय आहे ‘शून्यातून वर आलेली माणसं’. आणखी एक योगायोग ऐक. तुमची शैलजा ही पुरुषोत्तम काकांची सख्खी पुतणी. काकांनी तिच्याशी बोलून ठरवलंय की एप्रिलची चर्चा दोन्ही गावांनी मिळून करायची, ऑनलाइन. आमचे संध्याकाळचे पाच, तुमचे सकाळचे अकरा. म्हणजे तू समोर असशील. मी एका माणसाबद्दल बोलणार आहे. कोण ते आत्ता सांगत नाही.

यतीन म्हणतो, तुझा चेहरा बदलला. रोज आरशासमोर सराव करते. हसू नकोस.

तुझी
आसावरी


मॉरिसव्हिल
३० मार्च २०२४

प्रिय आसा,

घाईत लिहिते. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. दहा तारखेला मी नागपूरला निघते, चार मेला परत. त्यामुळे तुझं बोलणं ऐकायला मिळणार नाही, याची हळहळ आहे. संजीव जाईल शैलजाकडे, त्याला सांगून ठेवलंय. कुणाबद्दल बोलणार आहेस? नाशिकच्या तुझ्या आत्याबद्दल असणार. त्यांच्याबद्दल तू किती छान सांगायचीस.

आल्यावर सगळं वाचेन.

तुझी
कांचन


तुलूझ
२२ एप्रिल २०२४

प्रिय कांचन,

काल तू हवी होतीस. नागपूरला इंटरनेट असेल तर आत्ताच वाच.

मी तुझ्याबद्दल बोलले. आत्या नाही, तू. नाव कुठेच घेतलं नाही. ‘माझी एक मैत्रीण’ एवढंच म्हणाले. आपण दुसऱ्या वर्षाला तुझ्या घरी गेलो होतो, तिथून सुरुवात केली. ती वस्ती, पत्र्याचं छप्पर, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि दारात सुपात तंबाखू घेऊन विड्या वळणारी तुझी आई. त्यांची बोटं कशी पिवळी पडली होती, आणि त्याच हातांनी त्यांनी मला भाकरी वाढली.  मग सांगितलं की मागासलेल्या समाजातली ही मुलगी, आरक्षणातून तिला आमच्या कॉलेजात जागा मिळाली, आणि तिने त्या जागेचं सोनं केलं. आज ती नॉर्थ कॅरोलायनात मोठ्या कंपनीत आहे, आणि लोकांच्या मुलांना बाराखडी शिकवते. कांचन, तीन बायका रडत होत्या. पुरुषोत्तम काका उठून उभे राहिले. म्हणाले, दहा वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

तुमच्या बाजूने शैलजाने चॅटमध्ये विचारलं, ही आमची कांचन तर नाही? मी उत्तर दिलं नाही, फक्त एक हसरा चेहरा टाकला. मग तुमच्याकडे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. संजीव मागे बसलेला दिसला.

तुला जे सांगायला इतकी वर्षं जमलं नाही, ते मी सांगून टाकलं. आता आत जाऊन चहा टाकायची वेळ तुझ्यावर येणार नाही. सप्टेंबरपासून काकांनी मला संयोजक व्हायला सांगितलंय.

आईंना नमस्कार सांग.

तुझी
आसावरी


तुलूझ
१७ जून २०२४

कांचन,

दोन महिने झाले. मी मेमध्ये तीन मेसेज केले, निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? संजीवलाही विचारलं, त्याने ‘सगळे ठीक’ एवढंच लिहिलं.

शैलजाने मला फोन केला होता. तासभर बोललो. फार आस्थेने विचारत होती, तुझ्या भावाबद्दल, संजीवच्या घरच्यांबद्दल, तेही त्याच समाजातले का. मी म्हटलं हो, त्यात काय. तुझं किती कौतुक करत होती. मग मला वाटायला लागलं, सगळे माझं कौतुक करतात म्हणून तर तू रागावली नाहीस? तसं असेल तर सरळ सांग. आपल्यात तेवढं चालतं.

आसावरी


मॉरिसव्हिल
७ जुलै २०२४

आसावरी,

आईचं ऑपरेशन नीट झालं. बाकीचं आता लिहिते. आधी लिहिलं असतं तर जे लिहिलं गेलं असतं ते पाठवण्यासारखं नव्हतं.

तुझं एप्रिलचं पत्र मी नागपूरला आईच्या खाटेशी बसून वाचलं. तिच्या डोळ्यावर पट्टी होती. कुणाचं पत्र, असं तिने विचारलं. मी म्हटलं, ऑफिसचं आहे.

चार मेला विमानतळावर संजीव घ्यायला आला.  घर जवळ आल्यावर म्हणाला, तिने हसरा चेहरा टाकला तेव्हा पंचेचाळीस माणसांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग टाळ्या वाजवल्या. मला कळेना, उठून जावं की हात जोडावेत.

प्रीता खोलीतून बाहेर आली नाही. तिला बारा दिवसांपूर्वीच कळलं होतं. शैलजाचा वेद तिच्या शाळेच्या बसमध्ये असतो. तो तिला सगळ्यांसमोर म्हणाला, माय मॉम सेज युअर मॉम इज द पुअर लेडी इन द स्टोरी. आणि मग, शी गॉट इन ऑन अ कोटा. प्रीताला कोटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. तिने फोनवर शोधलं. आपण कोण, हे माझ्या मुलीने बसच्या सीटवर बसून, एकटीने, फोनवर वाचलं. मला तिने एकच विचारलं. “मॉम, एव्हरीवन न्यू एक्सेप्ट मी?”  एप्रिलपासून ते खरंच होतं.

तुला वाटत असेल लोकांनी तोंड फिरवलं. तसं काही झालं नाही. उलट सगळे फार गोड वागतात. शैलजाने मला मिठी मारली आणि म्हणाली, आम्हाला आधी सांगायचं ना, आम्ही काय असलं मानतो का? किराणा दुकानात एक बाई, जिचं नाव मला माहीत नाही, माझा हात धरून म्हणाली, तुम्ही फार धाडसी आहात. मी कोथिंबीर घेत होते.

मराठी शाळेतल्या माझ्या गटातून दोन मुलं दुसऱ्या गटात गेली. वेळ जमत नाही म्हणून. दोन्ही गटांची वेळ एकच आहे.

अरुण माझा मॅनेजर, तोही याच गटातला. नऊ वर्षं मी त्या कंपनीत आहे. मेपासून माझं काम पुढे जाण्याआधी आणखी एकजण तपासतो. फक्त माझं. मी विचारलं तर म्हणाला, तुझ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून.

जूनच्या बैठकीचा विषय शैलजाने ठेवला, ‘आरक्षण: तेव्हा आणि आता’. मला फोन करून म्हणाली, तुझी बाजू तू मांड. मी गेले. संजीव नको म्हणत होता तरी गेले. अरुणने सांगितलं की त्याच्या भावाचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, तुमच्याबद्दल नाही हं. तेव्हा मी उभी राहिले आणि सांगितलं की माझा प्रवेश खुल्या यादीतून झाला होता. माझा नंबर अकरावा होता.

हो आसावरी. खुल्या यादीतून. तुझा सव्विसावा होता, मला अजून आठवतो. तू चार वर्षं माझ्या खोलीत राहिलीस आणि एकदाही विचारलं नाहीस. तू धरून चाललीस.

आरक्षणातून झाला असता तरी मी मान खाली घातली नसती. संजीव आरक्षणातून शिकला, माझा भाऊ शिकला, त्यांच्यावर कुणाचे उपकार नाहीत. पण जे झालं नाही ते झालं म्हणून तू सांगितलंस, आणि त्या घरात आता तेच खरं आहे. मी अकरावा नंबर म्हटल्यावर सगळे हसले. मायेने हसले. शैलजा म्हणाली, अगं, सिद्ध कशाला करतेस, आम्ही तुला मानतोच.

आईने तुला घरात बसवून जेवू घातलं होतं. ते तिने तुला सांगायला दिलं नव्हतं.

कांचन


तुलूझ
१५ जुलै २०२४

प्रिय कांचन,

पत्र वाचून दिवसभर रडले. मला माफ कर. प्रीताचं तर पुन्हा पुन्हा वाचलं.

पण माझा हेतू तुला माहीत आहे. मी कधी जात मानली नाही. मानली असती तर तुझ्याबरोबर एका खोलीत राहिले असते का, तुझ्या घरी जेवले असते का? मी अभिमानाने बोलले. तुझं नाव घेतलं नाही. शैलजाने ओळखलं यात माझा काय दोष, असं यतीनही म्हणतो. तो म्हणतो, कांचनने आधीच मोकळेपणाने सांगितलं असतं तर ही वेळच आली नसती. मी त्याला गप्प केलं, पण त्याचं अगदीच चूक आहे असं नाही ना?

नंबरचं मला खरंच माहीत नव्हतं.

मी हे निस्तरते. सप्टेंबरची चर्चा मीच घेणार आहे, दोन्ही गावांची एकत्र. तुझं हे पत्र मी तिथे वाचून दाखवू का? इतकं थेट आहे की ऐकणाऱ्यांचे डोळे उघडतील. नाव अर्थातच घेणार नाही.

तुझीच
आसावरी


मॉरिसव्हिल
२८ जुलै २०२४

आसावरी,

पत्र वाचायचं नाही. त्यातलं एक वाक्यही नाही. डोळे उघडायला मी मोतीबिंदूची डॉक्टर नाही.

तुला काही करायचंच असेल तर एक कर. सप्टेंबरमध्ये दोन्ही गावं समोर असतील तेव्हा सुरुवातीलाच उभी राहा आणि एवढंच म्हण: “एप्रिलमध्ये मी सांगितलं की माझ्या मैत्रिणीला आरक्षणातून जागा मिळाली. ते मला माहीत नव्हतं, मी धरून चालले. तिचा नंबर माझ्या वर होता. आणि ती गोष्ट सांगायचा मला अधिकार नव्हता.” रडायचं नाही, हेतू सांगायचा नाही, आईचं नाव काढायचं नाही. म्हणायचं आणि खाली बसायचं.

माझ्यासाठी नाही. वेद तिथे समोर बसलेला असेल. त्याने ते घरी जाऊन विसरलं तरी चालेल, पण ते एकदा त्या खोलीत म्हटलं जाऊ दे.

कांचन


तुलूझ
२३ सप्टेंबर २०२४

प्रिय कांचन,

चर्चा झाली. तू विचारण्याआधी लिहिते.

मी तुझी वाक्यं कागदावर लिहून नेली होती. पण काकांनी सुरुवातीलाच माझी ओळख करून दिली, एप्रिलच्या त्या अविस्मरणीय भाषणाबद्दल बोलले. स्क्रीनवर तुमच्याकडचे सगळे दिसत होते. शैलजाने हात हलवला. मी उभी राहिले आणि कागद खाली ठेवला. मी म्हणाले, एप्रिलमध्ये मी जे सांगितलं त्यातले काही तपशील थोडे वेगळे होते, पण भावना खरी होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी विचारलं नाही, कुठले तपशील. मग विषय सुरू झाला.

मला नाही जमलं. इथे मला या लोकांशिवाय कुणी नाही, कांचन. तुझ्याकडे संजीव आहे, प्रीता आहे, नोकरी आहे. माझ्याकडे महिन्यातला हा एक रविवार आहे. समजून घेशील?

आसावरी


मॉरिसव्हिल
३ नोव्हेंबर २०२४

आसावरी,

समजलं. समजून घेणं वेगळं, ते मी करत नाही.

प्रीताच्या शाळेला ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे सुट्टी होती. सोळाची वाट बघण्यात आता अर्थ नव्हता. तिला घेऊन मी नागपूरला गेले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं होती. पुस्तकांचे ठेले, पांढरे कपडे, खेड्यांतून चालत आलेल्या बायका. प्रीता माझा हात धरून चालत होती, जे ती इथे करत नाही. मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. पण मला दिसत होतं की ती माझं बोलणं मनातल्या मनात तपासून बघतेय, बसमध्ये ऐकलेलं आणि फोनवर वाचलेलं यांच्याशी. मी जे तेरा वर्षं जपून ठेवलं होतं, ते तिला दुसऱ्यांदा मिळालं.

आईला मी सगळी हकिगत सांगितली. वाटलं होतं तुझ्यावर चिडेल. तिने तुझं नाव आठवलं, तू दोन भाकऱ्या खाल्ल्यास तेही आठवलं. मग मला म्हणाली, “पण त्यात लपवाचं काय होतं, बाई? मी चाळीस वर्षं विड्या वळल्या. दारात बसून वळल्या.”

प्रीता ऐकत होती. 

तेव्हा हेही लिहून ठेवते. इथे आल्यापासून चौदा वर्षं मी ते का झाकलं, याचा हिशेब आईकडे आणि प्रीताकडे मला द्यायचा आहे. तो तुझ्याकडे द्यायचा नाही, आणि तो माझ्या वतीने तू द्यायचा नव्हतास. मी चुकले असेन. ती चूक सुधारायची पहिली संधी माझी होती. आता ती कुणाचीच नाही.

परत आल्यावर प्रीताने मराठी शाळा सोडली. आजीकडून फोनवर शिकेन म्हणते. मीही शिकवणं सोडलं. कंपनीतच दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली, ती मिळाली. काम पहिल्यापेक्षा साधं आहे. शैलजाला मी येत नाही म्हणून कळवलं, तिने हृदयाचं चित्र पाठवलं.

मला आता लिहू नकोस.

कांचन जाधव-मेश्राम


तुलूझ
१६ डिसेंबर २०२४

कांचन,

लिहू नकोस म्हणालीस, तरी हे एक लिहिते. उत्तर मागत नाही.

काल मी ते म्हटलं. तू लिहून दिलं होतंस तसंच, एकही शब्द न बदलता. ख्रिसमसच्या सुट्टीमुळे सहाच माणसं होती. तुमचं गाव जोडलेलं नव्हतं. मी म्हटलं आणि खाली बसले. रडले नाही.  मग पुरुषोत्तम काका म्हणाले, “असू दे गं, आता तो विषय झाला.” आणि जानेवारीचा विषय काय ठेवायचा ते विचारू लागले.

जिन्यातून उतरताना एका बाईने यतीनला विचारलं, आसावरीची तब्येत बरी आहे ना.  घरी आल्यावर यतीन म्हणाला, काय मिळवलंस?

मला ती यादी आठवते. कॉलेजच्या ऑफिसबाहेर काचेच्या कपाटात लावली होती. मी खालून वर वाचत गेले, माझं नाव सापडलं, तिथे थांबले. त्याच्या वर पंचवीस नावं होती. ती मी वाचलीच नाहीत. नंतर खोलीत तू भेटलीस, तू कुठून आलीस ते कळलं, आणि तुझं नाव कुठल्या यादीत असणार हे मी ठरवून टाकलं. त्याला चोवीस वर्षं झाली. जात मानत नाही असं मी या सगळ्या वर्षांत किती जणांना सांगितलं असेल.

सहा माणसांसमोर बोलून भागणार नाही म्हणून आज शैलजाला फोन केला. म्हटलं, कांचनबद्दल एक दुरुस्ती सांगायची आहे, तुमच्या गटात मला दोन मिनिटं द्या, वेदलाही बसवा. ती कुठेतरी गाडी चालवत होती. म्हणाली, “कांचन ना? ती हल्ली येत नाही आमच्याकडे. का कोण जाणे. आम्ही तर तिला किती आपलं मानलं.” मी पुन्हा म्हटलं, दोन मिनिटं. ती म्हणाली, जानेवारीत बघू, आता सगळे सुट्टीवर आहेत.

आसावरी